वीस गुणांचे घटिकापात्र

फार पूर्वी, वेळ जेव्हा पाण्यात मोजली जायची, त्या काळी एका खाडीच्या काठी एक नगर होते.

पाण्यात वेळ कशी मोजत, ते आधी सांगून ठेवायला हवे. तांब्याची एक वाटी घ्यायची. तिच्या बुडाला बारीक भोक पाडायचे. मग पाण्याने भरलेल्या घंगाळात ती अलगद सोडायची. भोकातून पाणी हळूहळू आत चढते, वाटी जड होते आणि बुडते. सोडल्यापासून बुडेपर्यंत जो वेळ जातो ती एक घटका. या वाटीला लोक घटिकापात्र म्हणत.

त्या नगराला घटिकापात्राची गरज इतरांपेक्षा जास्त होती. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराच्या ओहोटीला खाडीतले पाणी पार उतरून जाई आणि पलीकडच्या गावांना जाणारी एक दगडमातीची वाट उघडी पडे. लोक तिला उतार म्हणत. काठावरचा काळा दगड कोरडा झाला की उतार उघडला. तिथून सहा घटका वाट मोकळी राही. चालायला धडधाकट माणसाला एक घटका लागे. म्हणून पाचवे पात्र बुडाले की चौकीतला घटकेवाला मोठी घंटा वाजवी. तिचा अर्थ दोन्ही काठांवर सगळ्यांना ठाऊक होता: आता कुणीही खाली उतरू नका.

कारण उताराच्या मधोमध एक सखल जागा होती. भरतीचे पाणी आधी तिथे शिरायचे, आणि ती जागा दोन्ही काठांवरून दिसत नसे. जो घंटा ऐकत नसे, त्याला पाणी मागून गाठत असे.

चौकीतले पात्र साधेसुधे नव्हते. राजधानीतल्या एका थोर कारागिराने ते घडवले होते आणि जुन्या राजाने ते नगराला भेट दिले होते. बुडावर सोळा पाकळ्यांचे कमळ, काठाला सोन्याची तार, आणि कडेला मान वळवून बघणारा इवलासा मोर. बाजूला एक खळगाही होता. फार वर्षांपूर्वी ते एकदा हातातून निसटून पायरीवर पडले होते, त्याचा.

असे पात्र आपल्याकडेही असावे, असे कुणाला वाटणार नाही? पण तो कारागीर कधीच वारला होता आणि त्याची पात्रे फक्त राजवाड्यांत आणि मोठ्या देवळांत होती. मग ठिकठिकाणचे तांबट त्याच्या नकला करू लागले. त्यांत लपवाछपवी काही नव्हती. विकणारा नक्कल म्हणून विकी, घेणारा नक्कल म्हणून घेई.

या नकलांचा सर्वांत मोठा संग्रह नगरातल्या एका कापूर-धुपाच्या व्यापाऱ्याकडे होता. त्याच्याकडे एकेचाळीस पात्रे होती. प्रत्येकाला मखमलीची गादी होती आणि बहुतेकांना नावे होती. गिऱ्हाईक नसले की तो एखादे पात्र हातात घेऊन खिडकीच्या उजेडात फिरवत बसे.

तो नुसता जमवणारा नव्हता, पारख करणारा होता. पारख करण्यासाठी त्याने एक वही केली होती. दर पौर्णिमेला चौकीत जाऊन तो अस्सल पात्र निरखी आणि घरी येऊन नकला त्याच्याशी ताडून बघी. प्रत्येकीला वीसपैकी गुण देई. कमळाच्या पाकळ्या मोजी. मोराच्या मानेचा बाक दोऱ्याने मापी. भोक जितके नाजूक तितके गुण जास्त. आणि बाजूचा खळगा बरोबर जागी असेल तर त्याचे वेगळे दोन गुण.

त्याच्या शब्दावर लोक पात्रे विकत घेत. त्यामुळे तांबटही त्याच्या वहीकडे डोळे लावून काम करीत. नवे कोरे पात्र घडवायचे, लखलखीत उजळायचे आणि मग हातोडीचा एक ठोका देऊन त्याला खळगा पाडायचा, अशी तांबटआळीत रीतच पडली. भोकेही दरवर्षी अधिकाधिक बारीक होत चालली.

मात्र एक गोष्ट तो कधीच करीत नसे. पात्र पाण्यात सोडीत नसे. पाण्याने तांब्यावर डाग पडतात ना! त्याच्या घरात वेळ मोजणाऱ्या एकेचाळीस वस्तू होत्या आणि एकीनेही आजवर एक घटका मोजली नव्हती.

एके दिवशी तांबटआळीतली एक बाई त्याच्या दुकानात आली. नवरा गेल्यावर भाता-हातोडी तीच चालवत असे. तिने पदराखालून एक पात्र काढून समोर ठेवले.

"शेटजी, एवढं पारखून द्या. तुमचा शब्द मिळाला तर पलीकडच्या मिठागरवाल्यांना, शेतांना पाळीने पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यांना अशीच करून देईन म्हणते. त्यांच्याकडे वेळ मोजायला काहीच नाही."

व्यापाऱ्याने पात्र उचलले आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बाई, कमळाला आठच पाकळ्या?"

"आठच आल्या."

"आणि हा काय, मोर?"

"मोरच आहे हो."

"मला तर भिजलेली कोंबडी वाटली." तो हसला. "बरं, खळगा कुठाय?"

"खळगा म्हणजे त्याचं पडणं, शेटजी. माझं अजून पडलेलं नाही. मी कशाला पाडू?"

"नक्कल म्हणजे नक्कल, बाई! अस्सलासारखं दिसायला नको?"

तांबटीण म्हणाली, "मी दिसण्याची नक्कल नाही केली. बुडण्याची केली. तेरा अमावास्या चौकीत जाऊन बसले. माझं पात्र त्या पात्राशेजारी, एकाच घंगाळात सोडायचं. आधी बुडलं तर भोक जरा बुजवायचं, मागं राहिलं तर केसभर वाढवायचं. आता दोन्ही एकदम बुडतात. घटकेवाल्या काकांना विचारा."

"त्यांना काय कळतंय नक्षीतलं?" असे म्हणून व्यापाऱ्याने वही उघडली आणि लिहिले: दोन गुण. एक आकाराबद्दल, एक मेहनतीबद्दल.

तांबटीण उठली. "ठेवा तुमच्याकडेच. एकदा पाण्यात घालून बघा, एवढंच मागणं."

त्याने ते पाण्यात घातले नाही. नक्कल कशी करू नये हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला काही दिवस ते दुकानात पुढे ठेवले. पुढे दाखवायचाही कंटाळा आला, तेव्हा त्यात धुपाचे खडे भरले. दोन गुणांची गोष्ट आळीत पसरली आणि तांबटिणीकडे पात्र मागायला कुणी फिरकले नाही. ती पुन्हा लोकांच्या तांब्या-घागरींची बुडे बसवू लागली.

आता या व्यापाऱ्याला एकच मुलगी होती आणि ती उताराच्या पलीकडे दिली होती. तिला पाच महिन्यांपूर्वी मुलगा झाला होता. नातवाचे तोंड त्याने अजून पाहिले नव्हते. "येत्या पौर्णिमेला बाळाला घेऊन येते, आबा," असा तिचा निरोप आला होता. व्यापारी बोटांवर दिवस मोजत होता.

पौर्णिमेला चार दिवस उरले असताना चौकीतले अस्सल पात्र चिरले. शंभर वर्षे रोज घासून पुसून त्याचा पत्रा कागदासारखा झाला होता. सकाळी घटकेवाल्याने ते उचलले आणि कमळापासून काठापर्यंत रेघ उमटली.

नगरशेटांनी व्यापाऱ्याला बोलावून घेतले. "नगराची अब्रू तुमच्या हाती आहे. तुमच्या संग्रहातलं सर्वांत उत्तम पात्र द्या."

व्यापाऱ्याची छाती फुगली. क्षणाचाही विचार न करता त्याने 'मोहिनी' आणली. एकेचाळिसांत वीसपैकी वीस मिळालेली ती एकटीच होती. कमळ तेच, मोर तोच, खळगाही तोच. चिरलेल्या पात्राशेजारी ठेवली तर वेगळी ओळखू येईना.

घटकेवाला म्हातारा होता. डोळे अधू झाले होते, पण जीभ शाबूत होती. त्याने मोहिनी उलटी करून भोकावरून अंगठा फिरवला.

"शेट, हे भोक आहे की कुणी नुसतं टोचून बघितलंय?"

"काका, तेच तर कसब आहे. इतकं नाजूक भोक दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही."

"ते खरं. पण तांबटीणबाईचं पात्र तुमच्याकडे आहे ना? तेरा अमावास्या माझ्या डोळ्यांदेखत बुडलंय ते. ते का नाही आणलंत?"

"दोन गुणांचं पात्र नगराच्या चौकीत?" व्यापारी नगरशेटांकडे बघून हसला, आणि नगरशेटही हसले. ठरले. मोहिनीवर फुले वाहून तिला चौकीत ठेवले गेले.

पौर्णिमेची सकाळ झाली. काळा दगड कोरडा पडला. घटकेवाल्याने मोहिनीला घंगाळात सोडले. व्यापारी नवे उपरणे घालून चौकीतच बसला होता. पात्र बघायला आणि नातवाला घ्यायला.

म्हाताऱ्याची एक जुनी सवय होती. पात्र तरंगत असताना तो आपले श्वास मोजी. तीनशे साठ श्वास म्हणजे एक घटका, असे त्याच्या गुरूने त्याला शिकवले होते. मोहिनी पहिल्यांदा बुडाली तेव्हा तो म्हणाला, "चारशे ऐंशी झाले, शेट."

"वय झालं तुमचं, काका. धाप लागते तुम्हाला. श्वास भरभर होतात."

"गेल्या अमावास्येला नव्हते होत."

दुसऱ्यांदाही चारशे ऐंशी, तिसऱ्यांदाही. चौथ्यांदा मोहिनी बुडाली तेव्हा ऊन बरेच वर आले होते. म्हाताऱ्याने तिला पुन्हा रिकामी करून पाचव्यांदा सोडले. ती पाण्यावर ऐटीत डुलू लागली. आत थेंबभरच पाणी होते.

थोड्या वेळाने म्हातारा उठून खिडकीशी गेला. डोळ्यांवर हात धरून बघू लागला.

"शेट, बगळे उठले."

उताराच्या मधल्या सखल भागात ओहोटीला बगळे खेकडे टिपत असत. पाणी शिरू लागले की ते उठत, आणि त्यांचा पांढरा थवा म्हाताऱ्याच्या अधू डोळ्यांनाही दिसे.

"घार आली असेल," व्यापारी म्हणाला. "घारीलाही उठतात बगळे."

"उठतात. पण घार गेली की परत बसतात. हे बसत नाहीयेत." म्हाताऱ्याने घंटेच्या हातोड्याकडे हात नेला.

व्यापाऱ्याने तो हात धरला. "काका, काय करताय? पात्र अजून तरंगतंय! पात्र बुडायच्या आत घंटा वाजवली तर उद्या कोण विश्वास ठेवेल? वीसपैकी वीस आहेत त्याला!"

"बगळ्यांना वही वाचता येत नाही, शेट," म्हातारा म्हणाला. "सोडा हात. पलीकडे बघा, माणसं उतरत असतील."

व्यापाऱ्याने पाहिले. पलीकडच्या काठावरून चारपाच ठिपके उतारावर आले होते आणि सावकाश चालत होते. का नाही चालणार? घंटा झाली नव्हती. त्यांत सर्वांत पुढे काहीतरी उन्हात चमकत होते.

पितळेचा हंडा. लग्नात त्यानेच मुलीला दिलेला. माहेरी येताना ती तो डोक्यावर घेऊन येई, मधाने भरून. आणि आज तिच्या कडेवर कोण आहे, हे त्याला न दिसताही ठाऊक होते.

त्याने घंगाळात पाहिले. मोहिनी तरंगत होती. सोळा पाकळ्या, वळलेली मान, बरोबर जागी खळगा. तिच्यात एक खोट काढता आली नसती. पाणी तिच्या नाजूक भोकातून एकेक थेंब आत येत होते, आणि ते भोक तितके नाजूक त्याच्याच गुणांनी केले होते.

वीस वर्षांची वही एका बाजूला होती. दुसऱ्या बाजूला उठलेले बगळे, एका म्हाताऱ्याचे श्वास आणि चमकणारा हंडा.

व्यापाऱ्याने म्हाताऱ्याचा हात सोडला, हातोडा स्वतःच्या हातात घेतला आणि सगळ्या ताकदीनिशी घंटेवर हाणला. एकदा नव्हे, थांबायचे विसरून हाणत राहिला. घंटा वाजता वाजता तो ओरडत होता, "फिरा! मागं फिरा! पात्र चुकलंय! माझं चुकलंय!"

त्याचे ओरडणे खाडीपार गेले नाही, पण घंटा गेली, आणि अशी न थांबणारी घंटा कुणी कधी ऐकली नव्हती. ठिपके थबकले. मग वळले. चमकणारा ठिपका एकदम विझला. हंडा खाली पडला होता. सगळे काठाकडे पळत सुटले. मागून एक करडी रेघ सरकत येत होती. सोबतच्या एका कोळणीने आपली पाटी फेकून दिली आणि बाळ घेतलेल्या मुलीचा हात धरून तिला ओढले. शेवटची दोन माणसे गुडघाभर पाण्यातून काठावर चढली. म्हाताऱ्याने विचारले, "किती चढले? मला दिसत नाही."

"सगळे," व्यापारी म्हणाला आणि त्याने हातोडा खाली ठेवला.

कितीतरी वेळाने घंगाळात बुडुक् असा आवाज झाला. मोहिनी बुडाली होती. खिडकीबाहेर तेव्हा उतार कुठे दिसतच नव्हता. काठापासून काठापर्यंत पाणी होते.

व्यापारी घरी गेला. धुपाचे खडे जमिनीवर ओतले, दोन गुणांचे पात्र हातात घेतले आणि सरळ तांबटआळीत गेला. वाटेत त्याने काय बोलायचे ते जुळवले होते, पण तिच्या भट्टीसमोर उभा राहिल्यावर त्याला एवढेच म्हणता आले, "बाई, माझी पारख चुकली. आज माझी मुलगी गेली असती."

तांबटिणीने पात्र त्याच्या हातातून घेतले, उलटे केले, वास घेतला आणि कपाळाला हात लावला. "अहो, धूप भरला होतात यात? एखादा कण भोकात अडकला तर पुन्हा घात होईल! आणा ती चिंच इकडे."

दोघांनी मिळून ते चिंचेने घासले. तिने घोड्याच्या शेपटीचा केस भोकातून आरपार ओढून पाहिला, तेव्हा कुठे तिचे समाधान झाले.

दुसऱ्या सकाळच्या ओहोटीला ते पात्र चौकीतल्या घंगाळात होते. म्हाताऱ्याचे तीनशे साठ श्वास झाले आणि भिजल्या कोंबडीसारखा दिसणारा तो मोर पाण्याखाली गेला. पाचव्यांदा तो गेला, घंटा झाली, आणि त्यानंतर थोड्याच वेळाने बगळे उठले.

त्याच ओहोटीला मुलगी आली. डोक्यावर हंडा नव्हता, कडेवर बाळ होते.

"आबा, हंडा गेला," ती म्हणाली. "मधही गेला. हा तेवढा आणलाय."

बाळाने आजोबांचे नवे उपरणे मुठीत धरले आणि तोंडात घातले. व्यापाऱ्याने ते सोडवले नाही.

पुढे त्याने एक गोष्ट केली, ती बघायला सगळे नगर जमले. त्याने आपली एकेचाळीस पात्रे मखमलीवरून उचलली आणि देवळापुढच्या हौदात एका वेळी सोडली. तांबटिणीचे पात्र मधोमध सोडले. ते बुडाले तेव्हा उरलेल्यांपैकी तीनच त्याच्या आगेमागे बुडाली. बाकीची तरंगत राहिली, नटलेली, निवांत. पोरे हसली, तसे मोठेही हसले. व्यापारीही हसला, पण सर्वांत उशिरा.

"मोडीत काढायची?" नगरशेटांनी विचारले.

"कशाला?" तांबटीण म्हणाली. "तांबं चांगलं आहे, हात चांगले लागलेत. भोकच तेवढं चुकलंय. ते माझ्याकडे द्या."

त्याला वर्ष लागले. दर ओहोटीला दोघे घंगाळाशी बसत. ती केसभर भोक वाढवी, तो पात्र सोडी आणि वहीत लिहून घेई. वहीत आता पाकळ्या नव्हत्या, मोराची मान नव्हती. कुठले पात्र किती श्वास आधी बुडाले, किती श्वास मागे राहिले, एवढेच होते. जे बरोबर झाले ते कुठे मिठागरावर गेले, कुठे पाटकऱ्यांकडे, कुठे पाठशाळेत. तांबटिणीकडे नवी मागणी इतकी आली, की तिने आळीतले आणखी दोन हात कामाला घेतले. त्या आळीत नव्या पात्राला खळगा पाडायची रीत मात्र बंद झाली.

मोहिनी सर्वांत शेवटी बरोबर झाली. ती व्यापाऱ्याने मुलीच्या गावाला दिली. तेव्हापासून उताराला दोन घंटा झाल्या, एक या काठाला, एक त्या काठाला. पाचवी घटका भरली की दोन्ही एकदम वाजत. मोहिनीवर आता हिरवे-काळे डाग पडले आहेत, असे मुलीने एकदा येऊन सांगितले. व्यापाऱ्याने विचारले, "आणि वेळ?" ती म्हणाली, "चोख." त्यावर त्याने वही उघडली आणि मोहिनीच्या नावापुढे जुने वीस खोडून पुन्हा वीस लिहिले.

दुसऱ्याची पारख चुकली म्हणणे सोपे असते. आपली पारख चुकली हे जो वेळेवर आणि मोठ्याने सांगतो, तोच खरा पारखी.